अकरा वर्षं उशिरा आटपाडीला

अकरा वर्षांपूर्वी साताऱ्यात एका मुलीच्या फॉर्मवर मी खोटी नोंद केली. प्रश्न पाळीचा होता. ती म्हणाली, दीड वर्ष झालं, आलेली नाही. मी लिहिलं, 'नियमित'. हे मी बायकोला सांगितलेलं नव्हतं, सहकाऱ्यांना नव्हतं, ज्या मित्राचं आयुष्य त्या एका शब्दानं कडू झालं त्यालाही नव्हतं. या प्रवासाला निघेपर्यंत हे वाक्य मी एकट्यानंसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मी डॉक्टर आहे, पुण्यात असतो. पळणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या माणसांची हाडं आणि स्नायू हा माझा अभ्यासाचा विषय. तेव्हा आम्ही लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींवर काम करत होतो: तीन महिने सराव वाढवत न्यायचा आणि हाडांवर काय परिणाम होतो ते मोजायचं. नियम मीच लिहिला होता. जिची पाळी तीन महिन्यांहून जास्त काळ थांबली आहे, तिला या सरावात घ्यायचं नाही, उपचाराला पाठवायचं. कारण पाळी थांबते तेव्हा शरीर सांगत असतं की पळायला पुरेल एवढं पोटात जात नाहीये; आणि तेव्हा हाड आतून पोकळ व्हायला लागतं.

मुली कमी पडत होत्या. अशा चार जणी वगळल्या असत्या तर काम बंद करावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला तो प्रश्न विचारायचीच लाज वाटत होती. प्रशिक्षक शेजारी उभे, मुलगी मान खाली घालून, मीही मान खाली घालून. चौघींच्या फॉर्मवर मी तोच शब्द लिहिला. त्यातल्या एकीचा, सारिकाचा (नाव बदललं आहे), आमचं मोजमाप संपल्यावरच्या एका स्पर्धेत पळताना खुबा मोडला. एकोणीस वर्षांची होती.

यंदा माझ्या एका विद्यार्थिनीनं ते जुने फॉर्म बघायला मागितले. मी म्हणालो, वाळवीनं खाल्ले. ते माझ्या मागच्याच कपाटात होते. ती "अरेरे, सर" म्हणून गेली आणि मला कळलं की अकरा वर्षांनंतरही मी तितक्याच सहज खोटं लिहू-बोलू शकतो. चौघींचे फॉर्म पिशवीत घातले आणि सोमवारी पहाटे गाडी काढली.

सातारा, सोमवार

उजाडताना यवतेश्वरच्या घाटात पोचलो. खाली साताऱ्यावर धुक्याची साय होती, अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर. वळणावरून मुली येताना दिसल्या. आधी पावलांचा आवाज, मग श्वासांचा. त्यांच्या मागे मोटरसायकलवर सुभेदार, तेव्हाचेच प्रशिक्षक.

सैन्यातून निवृत्त झाले, गावी उसाची शेती आहे, पण जीव सगळा या पोरींच्या सरावात. नाव कोणी घेत नाही. साताऱ्यात ते सुभेदारच. मला बघून शिट्टी तोंडातून काढली.

"आवं डाक्टरसायेब! लय दिसांनी पाय लागलं! वाट चुकलासा काय?"

"सहज आलो."

"पुन्याची मानसं सहज कुटं येत न्हाईत. या, पोरींना फॉल इन करतो."

मुली ओळीत उभ्या राहिल्या. शेवटच्या मुलीच्या दंडांवर आणि गालांवर बारीक मऊ लव होती. शरीराला पुरेसं मिळत नसलं की ते ऊब धरायला अशी लव आणतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मी तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. जुनी सवय.

सुभेदारांच्या घरी मला पिठलं, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, नको म्हणेपर्यंत वाढलं. ओसरीत मुली नाश्ता करत होत्या: मूठभर मोडाची मटकी आणि एकेक चपाती. दारामागे वजनकाटा आणि वही. रोज सकाळी वजन, वाढलं की दुसऱ्या दिवशी एक फेरी जास्त. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या मुली न खाण्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात. इथे त्याला शिस्त म्हणतात. हाडाला दोन्ही सारखंच.

"हलकी गाडी घाट चढती," सुभेदार म्हणाले, "जड गाडी उकळती. काय गं पोरींनो?"

"व्हय सर!"

मग त्यांनी कपाट उघडून एक फ्रेम काढली. काचेमागे आमच्या शोधनिबंधाचं पहिलं पान होतं. माझ्या नावाखाली कोणीतरी लाल रेघ मारलेली.

"ह्यो माजा वकील," ते म्हणाले. "कुनाच्या आया येत्यात, म्हनत्यात, पोरीची पाळी बंद झाली, काय तरी हुईल. मी ह्यो दावतो. म्हनतो, पुन्याच्या मोठ्या डाक्टरनं तपासलंय, एवढं पळवूनबी हाडाला काय हुत न्हाई, पाळीला काय हुत न्हाई. आन् थांबली तर थांबली! म्हंजी तयारी झाली. आरं, सैन्यात आमची दाढी वाढायची थांबत न्हवती, एवढंच काय ते."

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला जड जातंय, पण हसलो. पिशवी माझ्या मांडीवर होती. फॉर्म बाहेर काढून सांगायला एक मिनिट पुरलं असतं. सुभेदार वाईट माणूस नाही. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी पोरी पोलिसांत लागल्या आहेत, हे अभिमानानं सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. त्या आवाजापुढे मला धीर झाला नाही. मी चहा प्यायलो आणि निघालो.

रहिमतपूर, दुपार

पुढे सांगलीला, त्या मित्राकडे जायचं होतं. महामार्गानं लवकर पोचता येतं. मला लवकर पोचायचं नव्हतं. म्हणून कोरेगावकडून रहिमतपूरचा रस्ता धरला. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी सरकत होती, काचेवर चिपाडाचा भुगा उडत होता. गावाच्या अलीकडे टायर बसलं. स्टेपनी काढली तर तीही मऊ.

पंक्चरवाल्यानं ती अंगठ्यानं दाबून बघितली. "सायेब, ह्यात शेवटची हवा कवा भरली हुती?"

"आठवत नाही."

"स्टेपनी म्हंजी देव न्हवं, अडचनीत नुस्तं नाव घेतलं की धावून यायला."

टायर पाण्याच्या टाकीत फिरवत त्यानं कुठून आलात विचारलं. मी साताऱ्याचं सांगितलं, सुभेदारांचं नाव निघालं.

"माजी पुतनी तितंच हाय की! लय वाळली वो. वैनी रडती. पन दादा म्हनतो, सुभेदारांकडं डाक्टरचा कागद हाय. कितीबी पळवा, पोरीला काय हुत न्हाई आसं शिक्क्यानिशी लिवलंय म्हनं." मग माझ्या गाडीवरचं डॉक्टरांचं चिन्ह बघून, "तुमी बी डाक्टर न्हवं? खरं आसंल का वो त्ये?"

मी म्हणालो, "तिला घरी आणा. नीट जेवायला घाला. डॉक्टरला दाखवा."

"पन कागद?"

"कागद चुकीचा आहे."

"तुमाला काय म्हाईत?"

मी गाडीत जाऊन बसलो. त्यानं चाक बसवलं, जॅक काढला आणि जाताना काचेवर टकटक करून म्हणाला, "दादाला काय नाव सांगू? कोन डाक्टर म्हनला म्हनून?" मी नाव सांगितलं. फ्रेममध्ये तेच नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दादाला मात्र कळणार होतं. पुढचा सगळा रस्ता मला त्याचीच भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही.

विश्रामबाग, मंगळवार

शिरीष माझा वर्गमित्र, सांगलीत विश्रामबागेत हाडांचा दवाखाना आहे. तेव्हा माझ्या शब्दाखातर तो आठवड्यातून एकदा साताऱ्याला येऊन मुली तपासायचा. सारिकाच्या जांघेत दुखायला लागलं तेव्हा ती त्याच्याकडेच गेली होती. त्यानं फॉर्म वाचला. पाळी नियमित, म्हणजे हाड मजबूत. स्नायू आखडला असेल म्हणून गोळ्या दिल्या, चार दिवस विश्रांती सांगितली. पाचव्या दिवशी तिची स्पर्धा होती. हाडात आधीच पडलेली भेग पळता पळता आरपार गेली. तिच्या खुब्यात स्क्रू घातले तेही शिरीषनंच, आणि आजतागायत तो खुबा तोच बघतो.

त्यानं माझ्यापुढे भडंगाची ताटली ठेवली, वर कांदा चिरून. आम्ही विद्यार्थी असताना तो घरून डबा भरून भडंग आणायचा आणि मी संपवायचो.

"सारिका आली होती परवा," तो आपणहून म्हणाला. "खुब्याचा वरचा गोळा बसत चाललाय. बदलावा लागेल. तिसाव्या वर्षी! मी चुकलो रे तिच्या बाबतीत. एक फोटो काढायचा होता फक्त. एक एक्सरे."

हे तो मला दरवर्षी सांगत आला आहे. दरवर्षी मी म्हणत आलो आहे, अरे, कोणीही असाच विचार केला असता.

मी पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "शिरीष, ती नोंद खोटी आहे. तिनं मला खरं सांगितलं होतं. 'नियमित' मी लिहिलंय."

त्यानं चष्मा लावला. कागद उजेडाला धरला. बाहेर कंपाउंडर कोणाला तरी "आत पेशंट हाय, बसा की जरा" म्हणत होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेर बाकावर बसला होतास, तेव्हाही."

"हो."

"आणि दर दिवाळीला फोन करायचास."

"हो."

"फराळ काय केलाय विचारायचास." त्यानं चष्मा काढला. "अकरा वर्षं मी प्रत्येक पोरीला तोच प्रश्न दोन-दोनदा विचारतो. साधं मनगट मुरगळलेली असली तरी. पेशंट हसतात मला. बायको म्हणते, तुला काहीतरी झालंय. रात्र-रात्र मी तो फॉर्म आठवून बघायचो, की मी नीट वाचला होता ना. आणि तुझ्याकडे उत्तर होतं."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही, नाकारलीही नाही. ऐकू न आल्यासारखा तो ताटलीतला एकेक शेंगदाणा कडेला सारत राहिला. मग चिठ्ठीच्या कागदावर आटपाडीच्या पुढच्या एका वस्तीचा पत्ता लिहून दिला.

"तिला सांग. सांगितल्यावर मला फोन करू नकोस. मला वाटलं तर मी करीन. ऊठ आता, माझे लोक थांबलेत."

भडंग तसंच राहिलं.

आटपाडी, बुधवार

तासगाव मागे पडलं तशी द्राक्षं संपली, ऊस संपला. जमीन फिकी होत गेली, आभाळ मोठं. बाभळी, मधूनच डाळिंबाची हिरवी चौकट, माळावर मेंढ्यांचा कळप पसरलेला. या बाजूची मेंढपाळ घरं पूर्वी वर्षाचे आठ महिने कळपामागे चालायची. सारिकाही लहानपणी तशीच चालली, म्हणून तर ती पळू शकली. आता कॅनॉलचं पाणी आलंय, बरेच जण एका जागी टेकलेत.

वस्तीवर दूध डेअरीचं संकलन केंद्र आहे, पत्र्याची एक खोली. आत काट्यापाशी सारिका उभी होती. एका चपलेचा तळ दुसरीपेक्षा बोटभर जाड. कॅन घेऊन आलेल्या माणसांची रांग दारापर्यंत.

तिनं मला क्षणात ओळखलं. "पुन्याचं डाक्टर. वजन करनारं." मग लगेच पुढच्या कॅनकडे वळली. "बसा तितं. दूध नासंल, मानूस न्हाई नासत."

तासभर मी पोत्यावर बसून बघत राहिलो. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्रात घालायचा, फॅट किती ते मोठ्यानं वाचायचं, चिठ्ठी द्यायची. एका म्हाताऱ्यानं हुज्जत घातली.

"पोरी, जरा वाडवून लिव की! तुज्या काय घरचं जातंय?"

"मामा, म्हशीला वाडवून चारा, मी वाडवून लिवती."

रांग हसली. रांग संपली, तिनं यंत्र धुतलं, फडकं वाळत टाकलं आणि समोर येऊन बसली. बसताना तिला खुब्याला हात लावावा लागतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितलं.

मी फॉर्म तिच्या हातात दिला. तिनं ओळींवरून बोट फिरवत वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं.

"ह्ये मी न्हवतं सांगितलं."

"माहीत आहे."

"मी दीड वरीस म्हनलं हुतं. मला आठिवतंय. तुमी मान वर केली न्हवती."

"नाही केली."

"मला वाटलं, डाक्टरनं लिवून घेतलं, काय बोललं न्हाई, म्हंजी बरूबरच असंल." ती फॉर्मकडेच बघत होती. "आईला तसंच सांगितलं मी. डाक्टरनं इचारलंय, काय न्हाई म्हनलं."

आई शेजारच्या घरातून आली होती, हातात ताकाचा तांब्या. तिला सगळं लगेच उमगलं नाही. सारिकानं दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारी उंबऱ्यावर टेकली.

"आमाला तर बरंच वाटलं हुतं वो," ती म्हणाली. "कळपामागं हिंडताना बाईला लय अडचन. देवाच्या भंडाऱ्याला शिवायचं न्हाई, येगळं बसायचं. हिची थांबली तवा म्या म्हनलं, बिरोबानंच पोरीची वाट मोकळी केली. जत्रंत भंडारा उधळला म्या. ह्या हातानं." तिनं ते हात उलटेपालटे करून बघितले.

सुभेदारांना वाटलं, तयारी झाली. आईला वाटलं, देव पावला. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शिकलेला मी एकटा होतो.

मी माफी मागितली. पुण्यात चांगल्या सर्जनकडून खुबा बदलून देण्याची सगळी व्यवस्था करतो म्हणालो.

"त्ये शिरीष डाक्टर बघत्यात. त्येंच्याशिवाय मी कुनाला हात लावू देत न्हाई," सारिका म्हणाली. "तुमी त्ये करू नगा." मग यंत्राकडे मान उडवून, "हितं मी एका म्हशीचं फॅट खोटं लिवलं तर वस्ती काठ्या घिऊन येईल. तुमच्यात कोन येतं?"

तिनं फॉर्म माझ्या हातात परत दिला.

"आशा किती जनी?"

"चार. तुला धरून."

"त्या तिघींना सांगितलं?"

"नाही."

"आन् सुभेदारांना?"

"परवा त्यांच्याकडेच होतो. नाही सांगितलं." फ्रेमचं सांगितलं, लव आलेल्या मुलीचं सांगितलं, हसलो तेही सांगितलं. आता काही ठेवून घ्यायला उरलं नव्हतं.

ती पहिल्यांदाच चिडली. आवाज मात्र वाढवला नाही. "म्हंजी साताऱ्यास्नं मुकाट हितं आलासा. का? मी मोडलेलीच हाय म्हनून? हितं जे मोडायचं त्ये मोडून झालंय, डाक्टर. मला सांगून तुमचं मन हलकं झालं आसंल, माजा पाय काय हलका झाला न्हाई. जितं आजून मोडलं न्हाई तितं पैलं तोंड उघडायचं हुतं."

"जातो. सांगतो."

"पत्रबित्र लिवू नगा. पत्र त्ये कपाटात ठिवतील. सुभेदारांच्या म्होरं हुबं ऱ्हावा, पोरींच्या देखत सांगा. पोरींनी ऐकलं पायजे. तवा मी आयकलं आसतं तर..."

म्हातारीनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हुलग्याचं माडगं, भाकरी, लसणाची चटणी. आमच्याकडे ज्यानं घात केला त्याला दारात उभं करत नाहीत. मी तसं म्हणालोही. म्हातारी म्हणाली, "ऊन लय हाय. उपाशी मानसाला माळावर सोडत न्हाईत आमच्यात." सारिका आमच्याबरोबर जेवायला बसली नाही. संध्याकाळच्या संकलनाच्या बरण्या ती बाहेर घासत होती, शेवटपर्यंत.

परतल्यावर

विद्यार्थिनीला सगळे फॉर्म दिले आणि वाळवीचं खोटं होतं हेही सांगितलं. ती ते घेऊन गेली. हल्ली मला 'सर' म्हणताना क्षणभर थांबते. ज्या नियतकालिकात तो निबंध आला होता त्यांना आणि सहकाऱ्यांना लिहिलं, की निबंध मागे घ्यावा, त्यातल्या चार नोंदी मी जाणूनबुजून खोट्या केल्या. बायकोला सांगितलं. शिरीषचा फोन आलेला नाही.

हे सगळं टेबलाशी बसून करता येण्यासारखं होतं, म्हणून झालं. त्या तिघींपैकी दोघींचे पत्ते मिळाले आहेत, तिसरीचा शोधतो आहे. अजून एकीच्याही दारात गेलेलो नाही. साताऱ्याला दोनदा निघालो आणि दोनदा खंबाटकी घाट उतरून परत फिरलो. आज सकाळीही त्या मुली घाटात पळाल्या असतील आणि मटकी खाऊन उठल्या असतील.

सुभेदारांसमोर उभं राहून, त्या मुलींच्या देखत, तो कागद खोटा आहे आणि तो मी केला, हे तोंडानं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.